इंजिनाचा बोल्ट बदलताना योग्य साइज कशी ओळखायची

गॅरेजमध्ये "बारा नंबरचा बोल्ट दे रे" असं म्हटलं की पोरगं जो बोल्ट आणून देतं, तो बारा मिलिमीटरचा नसतोच. त्याच्या डोक्याला बाराचा पाना लागतो, एवढंच. दांडा असतो आठ मिलिमीटरचा. हेच वाक्य घेऊन तुम्ही मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टच्या दुकानात गेलात, तर दुकानदार खरोखरच बारा मिलिमीटर जाडीचा, अठरा किंवा एकोणीसचा पाना लागणारा बोल्ट हातात ठेवेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. गॅरेजवाल्याला पाना उचलायचा असतो, म्हणून तो डोक्याची मापं बोलतो. दुकानदाराला माल विकायचा असतो, म्हणून तो दांड्याची मापं बोलतो.

त्यामुळे पहिला नियम असा की पान्याचा नंबर हे बोल्टचं माप नाही. बोल्ट ओळखायला पाच गोष्टी लागतात: दांड्याचा व्यास, आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), लांबी, ताकदीचा वर्ग आणि डोक्याची ठेवण. यातलं एक जरी चुकलं तरी बोल्ट बसेल, घट्टही वाटेल, आणि महिन्याभराने ऑइल गळायला लागेल किंवा ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे बोल्टाबरोबर बाहेर येतील.

आधी हे बघा: हा बोल्ट बाजारातून घ्यायचाच नाहीये ना?

सिलिंडर हेडचे बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, मेन बेअरिंग कॅपचे, फ्लायव्हीलचे, क्रँक पुलीचा मधला मोठा बोल्ट, कॅमशाफ्टच्या कॅपचे आणि टायमिंगच्या चक्रांचे बोल्ट. या यादीतला बोल्ट असेल तर मोजमापाच्या फंदात पडू नका. गाडीचा चॅसिस नंबर सांगून कंपनीचाच भाग मागवा.

कारण असं की यातले बरेच बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. मॅन्युअलमध्ये "इतका टॉर्क, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश" (टॉर्क म्हणजे आवळताना लावायचा पिळाचा जोर) अशी सूचना दिसली की समजायचं, हा बोल्ट स्प्रिंगसारखा ताणून बसवायचा आहे. तो एकदा त्या मर्यादेपलीकडे ताणला की पूर्वीच्या लांबीला परत येत नाही. अनेक कंपन्या तो एकदाच वापरायला सांगतात. काही जण पुन्हा वापरू देतात, पण आधी आट्यांच्या भागात दोन ठिकाणी व्यास मोजून फरक बघायला सांगतात. बोल्ट मध्ये बारीक झाला असेल तर तो ताणला गेलाय. असा बोल्ट आणि बाजारातला त्याच मापाचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणूनच ते धोक्याचं आहे.

पुढचं सगळं बाकीच्या बोल्टांसाठी: टॅपेट कव्हर, ऑइल पॅन, वॉटर पंप, थर्मोस्टॅटची टोपी, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, इनटेक मॅनिफोल्ड, टायमिंग कव्हर, इंजिन माउंटिंग वगैरे.

हत्यारं

एक व्हर्नियर कॅलिपर (डिजिटल असला तर सोपं, साधा असला तरी चालतं), एक मेट्रिक पिच गेज, वायर ब्रश, थोडं पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर, आणि प्रत्येक मापाचा एकेक नवा नट: ६, ८, १० आणि १२ मिलिमीटर. १० आणि १२ चे नट जाड आणि बारीक अशा दोन्ही पिचचे ठेवा. पिच गेज म्हणजे दातेरी पात्यांचा पंखा, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. तो घ्याच. अंदाजाने पिच ओळखणारे भरपूर भेटतात. त्यांनी ओळखलेल्या बोल्टांमुळेच हेलिकॉइलवाल्यांचा, म्हणजे गेलेले आटे दुरुस्त करून देणाऱ्यांचा, धंदा चालतो.

बोल्ट काढतानाच कुठला कुठून निघाला हे लक्षात ठेवायची सोय करा. वॉटर पंप आणि टायमिंग कव्हरमध्ये एकाच व्यासाचे, पण दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा ढोबळ आकार काढायचा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचायचा, ही जुनी पद्धत मोबाइलच्या फोटोपेक्षा भरवशाची आहे. फोटोत लांबी दिसत नाही.

व्यास

आटे वायर ब्रशने घासून, पेट्रोलने धुऊन कोरडे करा. गंज आणि जुनं सीलंट मोजमाप फुगवतं. व्हर्नियरचे जबडे आट्यांच्या माथ्यावर आडवे ठेवून मोजा, तेही दोन-तीन ठिकाणी.

आकडा पूर्ण येणार नाही, यायलाही नको. आठचा बोल्ट ७.८ ते ७.९५ च्या आसपास मोजला जातो, सहाचा ५.८ ते ५.९५, दहाचा ९.७५ ते ९.९५. बोल्ट भोकात फिरावा म्हणून तो नावापेक्षा किंचित बारीकच बनवतात. म्हणून ७.८५ आलं की "एम ८", म्हणजे आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, समजायचं.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या, शेती अवजारांच्या आणि गावाकडच्या हार्डवेअर दुकानांत अजूनही सुताचा हिशेब चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. अडीच सुती बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. व्हर्नियरवर तो आणि एम ८ जवळजवळ सारखेच दिसतात. पण अडीच सुतीला इंचात १८ आटे असतात, म्हणजे पिच सुमारे १.४१, एम ८ चा पिच १.२५. अडीच सुती बोल्ट आठच्या भोकात दोन-तीन फेरे जातो, मग अडकतो. पान्याने रेटला तर आत जातोही, भोकातले आटे खरवडत. दोन सुती (६.३५) आणि एम ६, तसंच तीन सुती (९.५२) आणि एम १० यांत व्यासाचा फरक निदान दिसतो. अडीच सुतीतच घात होतो. मारुती ८०० नंतरच्या कुठल्याही गाडीच्या इंजिनात (ॲम्बेसेडर आणि जीपचं शेवटी बघू) सुती बोल्टाला जागा नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

पिच

पिच म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर. गेजचं एकेक पातं आट्यांवर बसवून उजेडासमोर धरा. ज्या पात्याखालून उजेडाची फट दिसत नाही, तो तुमचा पिच. १.२५ आणि १.५ यांत फसायला होतं, म्हणून पातं बोल्टाच्या पूर्ण लांबीवर लावा. दोन-तीन दातांवर कुठलंही पातं बसल्यासारखं वाटतं.

गेज नसेल तर दहा पिचचं अंतर मोजा. एका माथ्याला शून्य म्हणा आणि दहाव्या माथ्यापर्यंत व्हर्नियर लावा. १०.० आलं तर पिच १.०, १२.५ आलं तर १.२५, १५ आलं तर १.५. शून्याऐवजी एकापासून मोजायला सुरुवात केली तर नऊच पिच भरतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

प्रवासी गाड्यांच्या इंजिनात नेहमी भेटणारी मापं थोडीच आहेत.

एम ६ × १.० (पाना बहुतेक १०)
एम ८ × १.२५ (पाना १२ किंवा १३)
एम १० × १.२५ (जपानी, कोरियन गाड्यांत; पाना १४)
एम १० × १.५ (युरोपीय घडणीच्या इंजिनांत, पाना १६ किंवा १७)
एम १२ × १.२५, १.५ किंवा १.७५ (पाना १७, १८ किंवा १९)

यातली दहाची जोडी नीट पाहा. सुझुकी, टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांच्या इंजिनांत दहाचा बोल्ट बहुधा १.२५ पिचचा, म्हणजे बारीक आट्यांचा असतो. साध्या हार्डवेअरच्या दुकानात "एम १०" मागितलं की १.५ पिचचाच मिळतो, कारण जगभर तोच ठोक माल आहे. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचे आणि माउंटिंगचे आटे याच घोळात जातात. दुकानात "दहा बाय सव्वा" असं स्पष्ट सांगा आणि घेतलेल्या बोल्टावर तिथेच गेज लावून बघा.

पान्यावरूनही एक सुगावा लागतो, फक्त त्यावर निकाल देऊ नका. जपानी पद्धतीत डोकी लहान असतात, त्यामुळे आठच्या बोल्टाला १२ चा आणि दहाच्या बोल्टाला १४ चा पाना. युरोपीय पद्धतीत आठला १३, दहाला १६ (जुन्या जर्मन मानकात १७). टाटा, महिंद्रा आणि चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडा यांत १३ चा पाना सतत लागतो. वॅगन आरच्या बॉनेटखाली तो क्वचितच लागतो. घोळ तेव्हा होतो, जेव्हा गाडी एका घराण्याची आणि इंजिन दुसऱ्या घराण्याचं असतं. जुनी स्विफ्ट डिझेल घ्या. गाडी सुझुकीची, पण १.३ लिटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं. तेच इंजिन इंडिका व्हिस्टातही होतं. तेव्हा "मारुती आहे, म्हणजे बारा-चौदा" असं धरून चालू नका.

लांबी

षटकोनी किंवा फ्लँज (खाली चकतीसारखी रुंद कड असलेल्या) डोक्याच्या बोल्टाची लांबी डोक्याच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंत मोजतात. डोकं धरत नाहीत. फ्लँजही डोक्यातच जमा. खोलगट बसणारा, वरून सपाट दिसणारा काउंटरसंक स्क्रू मात्र डोक्यासकट मोजतात. वॉशर बोल्टावरच अडकवलेला असेल तर तो बाजूला सरकवून मोजा.

त्यासोबत दांड्याचा किती भाग गुळगुळीत आहे आणि कितीवर आटे आहेत तेही लिहून ठेवा. पूर्ण आट्यांचा बोल्ट गुळगुळीत दांड्याच्या जागी लावला तर तो ब्रॅकेटच्या भोकात हलतो, कारण आट्यांच्या जागी त्याचा गाभा बारीक असतो. उलट, गुळगुळीत भाग जास्त असेल तर आटे संपतात आणि तो दांडा भोकाच्या तोंडाशी अडतो. भाग घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण आवळला गेलेलाच नसतो.

बंद भोकात (ज्याला पलीकडे तोंड नाही) बोल्ट लांब झाला तर टोक तळाला टेकतं. टॉर्क रेंच "टक" करतो, आपण खूश होतो, आणि कव्हर आणि गॅस्केटमध्ये दाबच नसतो. त्याहून जोर लावला तर ॲल्युमिनियमचा तळ फुटतो, आणि त्या तळापलीकडे काही वेळा पाण्याची किंवा ऑइलची वाट असते. आखूड बोल्टाचं दुखणं वेगळं: चारच आट्यांवर सगळा भार येतो आणि ते आटे निघून येतात.

मग किती आत जायला हवा? लोखंडात किंवा पोलादात निदान बोल्टाच्या व्यासाइतका, ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. आठचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये निदान १२ मिलिमीटर आत असावा.

उदाहरण करून बघू. थर्मोस्टॅटच्या टोपीचा एक कान, गॅस्केटसकट, १२ मिलिमीटर जाड आहे. खालच्या भोकात आटे १७ मिलिमीटर खोलीपर्यंत आहेत. बोल्ट एम ८. कमीत कमी लांबी: १२ अधिक १२, म्हणजे २४. जास्तीत जास्त: १२ अधिक १७, त्यातून तळाशी दोन मिलिमीटर मोकळे सोडले तर २७. बाजारात २०, २५, ३०, ३५ अशा लांब्या मिळतात. आपल्याला २५ चा हवा. तीसचा घेऊन खाली दोन वॉशर घालणारे असतात. हिशेबाने ते चुकत नाही, पण पुढच्या वेळी वॉशर हरवले की तळ फुटणार.

भोकाची खोली व्हर्नियरच्या शेपटीकडच्या बारीक पट्टीने मोजता येते. सायकलचा स्पोकही चालतो. फक्त भोकाची खोली आणि आट्यांची खोली एक नसते. टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तळापर्यंत पोचत नाही, म्हणून शेवटचे काही मिलिमीटर सपाट असतात. त्यासाठी ठीकठाक आट्यांचा एक बोल्ट, वर कुठलाही भाग न ठेवता, बोटांनी अडेपर्यंत फिरवा आणि फेरे मोजा. फेरे गुणिले पिच म्हणजे आट्यांची उपयोगी खोली. १.२५ पिचचा बोल्ट साडेतेरा फेरे गेला तर सुमारे १७ मिलिमीटर.

हे करण्याआधी भोक कोरडं करा. तळाशी ऑइल किंवा कूलंट साचलं असेल आणि वरून बोल्ट आवळला, तर त्या द्रवाला जायला वाट नसते आणि त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

ताकदीचा वर्ग

डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये, आणि दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांश ताणाला बोल्ट कायमचा लांबतो. ८.८ चा बोल्ट ८०० मेगापास्कलला तुटतो आणि ६४० ला लांबायला लागतो. १०.९ साठी तेच १००० आणि ९००.

जपानी गाड्यांत नुसतं ४ किंवा ७ कोरलेलं दिसतं. ती जुनी जपानी पद्धत: ४ म्हणजे चौरस मिलिमीटरला ४० किलो, ७ म्हणजे ७० किलो. सातच्या जागी ८.८ बेलाशक लावा. जुन्या अमेरिकी घडणीच्या बोल्टावर आकडे नसून रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या जवळचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९ च्या जवळचा. डोकं कोरं असेल तर तो मऊ बोल्ट समजा आणि इंजिनापासून लांब ठेवा. बोल्टावर बनवणाऱ्याची खूणही असायला हवी. सुंदरम फास्टनर्सच्या बोल्टावर टीव्हीएस कोरलेलं असतं, ॲलन बोल्टांवर अनब्राको दिसतं. वर्गाचा आकडा आहे पण बनवणाऱ्याचं नाव नाही, असा माल मी घेत नाही.

"मग सगळीकडे १२.९ च लावू, काय बिघडतं?" हा प्रश्न हटकून येतो. बिघडतं. भाग ॲल्युमिनियमचा असेल तर बोल्ट कितीही ताकदीचा असो, आटे ॲल्युमिनियमचेच राहतात आणि तेच आधी जातात. शिवाय फार कडक पोलादावर झिंकचा मुलामा चढवताना नीट काळजी घेतली नसेल तर त्यात हायड्रोजन शिरतो, बोल्ट ठिसूळ होतो आणि बसवल्यावर काही दिवसांनी कुणी हात न लावता डोकं उडतं. जे होतं तेच लावा, फार तर एक पायरी वर.

कोकणात आणि मुंबईत गंजाला कंटाळून स्टेनलेसचे बोल्ट लावायची हौस असते. डोक्यावर ए२-७० लिहिलेला स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचा असतो, म्हणजे ८.८ पेक्षा कमीच. वर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकत्र आले आणि खारी हवा मिळाली की ॲल्युमिनियम गंजतं, बोल्ट चकचकीत राहतो आणि निघत नाही. इंजिन कव्हरच्या प्लॅस्टिकसाठी लावा हवं तर. मॅनिफोल्डला नको.

डोकं, फ्लँज, आणि दिसायला बोल्ट पण बोल्ट नसलेले

फ्लँज डोक्याच्या जागी साधं षटकोनी डोकं लावलं तर दाब लहान जागेत एकवटतो आणि ॲल्युमिनियमच्या कानात खड्डा पडतो. फ्लँजचा बोल्ट मिळालाच नाही तर खाली जाड, कडक वॉशर हवा. पत्र्याचा वाकणारा नको. पान्याला जागा आहे का तेही बघा. १२ च्या डोक्याजागी १३ चं आलं की कधीकधी गोटी (सॉकेट) शेजारच्या भिंतीला अडते. स्टार आणि ॲलन डोक्याच्या जागी षटकोनी बसत नाही, कारण ती डोकी बहुधा खोलगट खाचेत असतात.

टोकाला आटे नसलेली बारीक कांडी असेल तर तो वाट दाखवणारा बोल्ट आहे. अवघड जागी आटे वाकडे चढू नयेत म्हणून तसा बनवलेला. त्याची लांबी मोजताना ती कांडी वेगळी लिहा.

बोल्ट टोकाकडून आत पोकळ असेल आणि दांड्याच्या बाजूला भोकं असतील तर तो बँजो बोल्ट. टर्बोचं ऑइल किंवा डिझेल त्यातूनच वाहतं. त्या जागी भरीव बोल्ट लावला तर टर्बोला ऑइल मिळणार नाही. त्याचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशरही नवे घ्या.

ऑइल प्रेशर स्विच जपानी इंजिनांत निमुळत्या पाइप आट्यांवर बसतो: १/८ इंची, बाहेरून ९.७ मिलिमीटरच्या आसपास, इंचात २८ आटे, म्हणजे पिच ०.९. व्हर्नियर लावला तर तो हुबेहूब "एम १० × १.०" वाटतो. स्विच काढून ते भोक बंद करायला दहाचा बोल्ट ठोकणाऱ्यांनी किती ब्लॉक नासवलेत त्याची गणती नाही. आटे टोकाकडे बारीक होत जातात का, हे दोन ठिकाणी मोजलं की कळतं.

ऑइल ड्रेन प्लगचंही तसंच. सुझुकीच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत तो एम १४ × १.५ असतो. चौदाचाच, पण १.२५ पिचचा, आटा अनेक स्पार्क प्लगांना असतो. नुसतं "चौदाचा" म्हणून काम भागत नाही.

बोल्ट हरवलाय किंवा तुटलाय

आधी त्याच भागाचा शेजारचा बोल्ट काढून मोजा. कव्हरचे सगळे बोल्ट सहसा एकाच व्यासाचे आणि पिचचे असतात. लांबी मात्र स्वतंत्र तपासा.

शेजारी कुणी नसेल तर भोकाचं माप घ्या. ड्रिल बिटचा गुळगुळीत मागचा भाग गेजसारखा वापरता येतो. ६.५ चा बिट सहज जातो आणि ७ चा जात नाही, तर भोक एम ८ चं. ४.८ चा जातो, ५.५ चा नाही, तर एम ६. ८ चा जातो, ९ चा नाही, तर दहाचं. पण पिच १.२५ की १.५ हे बिट सांगू शकत नाही. मऊ लाकडाची काडी आट्यांवर दाबून उठलेल्या खुणा गेजला लावा, किंवा दोन्ही पिचचे बोल्ट बोटांनी लावून बघा.

बोटांनी, हा शब्द महत्त्वाचा. योग्य बोल्ट साफ भोकात बोटांनी शेवटपर्यंत जातो. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर पिच चुकलाय किंवा आटे घाण आहेत. लगदा झालेले आटे साफ करायला कापणारा टॅप घालू नका, तो धातू काढतो. जुन्या बोल्टाच्या आट्यांना उभ्या तीन खाचा घासून तो थोडं ऑइल लावून फिरवा. कचरा खाचांत येतो. फार आत जाऊन डुगडुगत असेल तर व्यास लहान आहे किंवा आटे गेले आहेत.

आणि जुन्या गाडीत जुन्या बोल्टावर पूर्ण भरवसा नको. आधीच्या कुणीतरी आटे गेल्यावर आठच्या भोकात दहाचा टॅप मारून ठेवलेला असतो. मग कॅटलॉग एक सांगतं आणि भोक दुसरं. आटे गेले असतील तर पुढच्या साइजवर जाण्यापेक्षा हेलिकॉइल बसवून घ्या. भोकात तारेचे पोलादी आटे बसतात, मूळ मापाचाच बोल्ट लागतो, आणि ॲल्युमिनियमची भिंत पातळ होत नाही.

दुकानात काय सांगायचं

"एम ८, सव्वा पिच, २५ लांब, फ्लँज, ८.८, पूर्ण आटे." बस. जुना बोल्ट सोबत न्या आणि निघण्याआधी नवा आणि जुना आट्यांत आटे घालून शेजारी धरा. उजेड दिसता कामा नये. मुंबईत नागदेवी, पुण्यात नाना पेठ, कोल्हापुरात उद्यमनगर, या ठिकाणी अशी भाषा बोलणाऱ्याला बरोबर माल मिळतो.

कंपनीचा भाग घ्यायचा असेल तर आरसी वरचा १७ अक्षरी चॅसिस नंबर द्या. मारुतीचा एमए३ ने, महिंद्राचा एमए१ ने, टाटाचा एमएटी ने सुरू होतो. साध्या बोल्टांचे पार्ट नंबर वाचायला शिकलात तर फायदा आहे. होंडाचा ९५७०१-०६०१२-०८ म्हणजे फ्लँज बोल्ट, व्यास ६, लांबी १२. सुझुकीच्या ०१५५० ने सुरू होणाऱ्या क्रमांकातही पुढचे चार आकडे आधी व्यास आणि मग लांबी सांगतात. त्यामुळे काउंटरवरच चूक पकडता येते.

बसवताना

आकडा मॅन्युअलचाच घ्या. मॅन्युअल हाताशी नसेल तर ८.८ च्या कोरड्या बोल्टासाठी ढोबळ अंदाज असा: एम ६ ला १० न्यूटन मीटर, एम ८ ला २५, जाड पिचच्या एम १० ला ४५ ते ५०. ॲल्युमिनियममध्ये याच्या खालच्याच बाजूला राहा. टॅपेट कव्हरसारख्या रबरी गॅस्केटच्या भागांना तर याहून पुष्कळ कमी लागतो. आट्यांना ऑइल किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून मॅन्युअल "कोरडा" म्हणत असेल तर कोरडाच. भोक पाण्याच्या किंवा ऑइलच्या वाटेत उघडत असेल तर आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर कूलंट आट्यांवरून चढून डोक्याखालून झिरपतं आणि सगळे गॅस्केटला दोष देत बसतात.

ॲम्बेसेडर आणि जीपवाल्यांसाठी

इथे मेट्रिकचे नियम गुंडाळून ठेवा. ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं, त्यात इंची यूएनएफ (बारीक पिचचे) आटे. ५/१६ यूएनएफला इंचात २४ आटे, म्हणजे अडीच सुती व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश इंची मानकाचा) १८ आट्यांचा बोल्टही तिथे चालत नाही, व्यास तोच असला तरी. डोकं अर्ध्या इंचाचं, १२.७ मिलिमीटर, तेराचा पाना जरा सैल बसतो आणि कोपरे गोल करतो, म्हणून इंची पाना वापरा. नंतरच्या इसुझु इंजिनाच्या ॲम्बेसेडरमध्ये इंजिन मेट्रिक आहे. प्रीमियर पद्मिनी फियाटच्या वळणाची, म्हणून मेट्रिक.

विलीसच्या वंशातल्या महिंद्राच्या जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिनाला अमेरिकी यूएनसी (जाड पिचचे) आणि यूएनएफ आटे असतात, पण पुढे बसवलेलं प्यूजो डिझेल मेट्रिक आहे. एकाच बॉनेटखाली इंजिनाला तेराचा पाना आणि चासीच्या ब्रॅकेटला अर्धा इंची, असं सर्रास दिसतं. अशा गाडीसाठी मेट्रिक गेजसोबत इंची गेजही घ्या, आणि माउंटिंगच्या दोन्ही टोकांचे आटे वेगवेगळे तपासा. एका टोकाचा बोल्ट एका देशाचा आणि दुसऱ्या टोकाचा दुसऱ्याच देशाचा असू शकतो.